मंडीतले भाव, मोबाइलमधला फोटो आणि दामोदर कोसंबी

इंदूर : कोसंबी म्हटलं की मराठी वाचकाला आधी धर्मानंद आठवतात. घरदार सोडून बौद्ध धर्माच्या शोधात निघालेले, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना ५० रुपये देऊन आधार दिलेले. मग त्यांचा मुलगा दामोदर, म्हणजे इतिहासकार डी. डी. कोसंबी. या दामोदरपंतांचं पोट आयुष्यभर गणितावर चाललं, हे मात्र इतिहासाची पुस्तकं वाचणाऱ्यांनाही पटकन सांगता येत नाही.

जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातला. वडिलांना हार्वर्डमध्ये पाली ग्रंथाचं काम मिळालं, त्यामुळे १९१८ मध्ये अकरा वर्षांचा मुलगा अमेरिकेला गेला. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परत आला. आधी बनारस, मग अलिगढ. अलिगढला तेव्हा आंद्रे वेल हा तरुण फ्रेंच गणिती विभागप्रमुख होता. त्यानंतर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात जवळपास चौदा वर्षं. वडीलही तिथेच पाली शिकवून गेले होते.

फर्ग्युसनमध्ये असतानाच, १९४३ मध्ये, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांचा 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस' हा लेख आला. मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे मला तो मंडीच्या भाषेतच सांगता येईल.

समजा, इंदूर, उज्जैन, देवास, धार आणि खंडवा इथले सोयाबीनचे रोजचे भाव वर्षभर लिहून ठेवले. कुठली मंडी कुठल्या मंडीबरोबर किती हलते, याचा पाच बाय पाचचा तक्ता तयार होतो. हाच मॅट्रिक्स. या तक्त्याच्या काही खास दिशा असतात आणि प्रत्येक दिशेला एक आकडा चिकटलेला असतो. त्याला म्हणतात आयगेनव्हॅल्यू. बहुतेक वेळा पहिल्या दिशेचा अर्थ साधा निघेल : सगळ्या मंड्या एकदम चढल्या किंवा एकदम उतरल्या. तिचा आकडा सर्वांत मोठा, कारण भावातली बरीचशी हालचाल तिच्यातच सामावते. दुसरीत खंडवा वर, उज्जैन खाली असं काही सापडेल. उरलेल्यांचे आकडे किरकोळ. त्या सोडून दिल्या तरी हिशेब फारसा बिघडत नाही.

पाच मंड्यांपुरतं हे गणित आधीपासून होतं. कोसंबींनी ते अखंड रेषेवर नेलं. दिवसभराचं तापमान घ्या किंवा आवाजाची लहर घ्या; तिथे पाच नाही, अगणित बिंदू असतात. तरीही अशी प्रत्येक वेडीवाकडी रेषा काही ठरलेल्या रेषांची बेरीज म्हणून लिहिता येते आणि कुठल्या रेषेला किती वजन हे आयगेनव्हॅल्यू सांगतात. वरच्या मोजक्या तेवढ्या ठेवल्या, तर तितक्याच रेषांत याहून कमी सरासरी वर्गचूक दुसऱ्या कुठल्याही निवडीत येत नाही. ही सगळी गोम आहे. हवामानाचा अभ्यास, पाण्याचे भोवरे, चेहरा ओळखणारी यंत्रं, सगळीकडे हीच युक्ती वापरली जाते. मोबाइलमधला जेपीईजी फोटो लहान होतो तोही याच युक्तीच्या एका स्वस्त बदलीवर.

पण पाठ्यपुस्तकांत नाव छापलं गेलं ते कारहुनेन आणि लोएव यांचं. एक फिनलंडचा, दुसरा फ्रान्समध्ये शिकलेला. दोघांनी काही वर्षांनी स्वतंत्रपणे तेच मांडलं. यात कुणी चोरी केली, असं मला वाटत नाही. महायुद्धाचा काळ, जर्नल भारतातलं, ते युरोपात वाचणार कोण? आणि खरं सांगायचं तर स्वतः कोसंबीही तिथे थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी जनुकांमधलं अंतर मोजायचं सूत्र त्यांनी दिलं. ते आजही 'कोसंबी फंक्शन' म्हणूनच वापरतात. तिथे नाव शाबूत राहिलं. मग जुन्या ठसा-नाण्यांची वजनं. हजारो नाणी तोलून, किती झिजली त्यावरून किती वर्षं चालली याचा हिशेब! या नाण्यांनीच त्यांना इतिहासात ओढलं.

होमी भाभांनी १९४५-४६ च्या सुमारास त्यांना मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये बोलावलं. राहायचं पुण्यात आणि जायचं डेक्कन क्वीननं. पुढे संबंध बिघडत गेले. अणुवीज महाग, आपल्या देशाला सूर्याची ऊर्जा बरी, असं ते जाहीरपणे सांगत. त्यातच १९५९ मध्ये रीमान हायपोथेसिस संभाव्यतेच्या मार्गानं सोडवल्याचा दावा त्यांनी केला, तोही शेतकी सांख्यिकीच्या जर्नलमध्ये. दावा टिकला नाही आणि गणितातली पत गेली. ही चूक त्यांची स्वतःची, ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही. १९६२ मध्ये संस्थेनं करार वाढवला नाही.

त्यानंतर अंकशास्त्रावरचे काही लेख त्यांनी एस. डुक्रे या टोपणनावानं छापले. २९ जून १९६६ च्या पहाटे पुण्यातल्या घरी झोपेतच गेले. वय ५८.

त्यांचे निवडक गणिती लेख पुस्तकरूपानं आले ते २०१६ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. १९४३ चा लेख त्यात आहे. अलीकडे काही ठिकाणी त्या प्रमेयाला कोसंबी-कारहुनेन-लोएव असं लिहितात. बहुतेक ठिकाणी अजून दोनच नावं दिसतात.