जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब मांडणारा : हेन्री डार्सी



मे महिन्यात मालवणच्या किनाऱ्याजवळची एखादी विहीर मचूळ होते, तर थोड्या अंतरावरची गोडीच राहते. असं का, हे मुलं विचारतात. उत्तर शोधायचं तर फ्रान्समधल्या एका इंजिनिअरची ओळख करून घ्यावी लागेल.

हेन्री डार्सी यांचा जन्म १० जून १८०३ रोजी दिजाँ शहरात झाला. चौदाव्या वर्षी वडील गेले. आईने जिद्दीने शिकवलं आणि पुढे पॅरिसला शिकून ते सरकारी इंजिनिअर झाले. त्या काळी दिजाँचे लोक घाण विहिरींचं पाणी पीत. डार्सींनी रोझ्वारच्या झऱ्याचं पाणी १२ किलोमीटरहून लांब झाकलेल्या पाटाने, फक्त उताराच्या जोरावर, शहरात आणलं. १८४० च्या सप्टेंबरमध्ये पाणी पोचलं. या कामाचं मानधन त्यांनी घेतलं नाही. स्वीकारलं ते एक पदक आणि घरी आयुष्यभर मोफत पाणी.

पुढे तब्येत ढासळली आणि त्यांनी नोकरी सोडली, पण मनातला प्रश्न सोडला नाही : वाळूच्या गाळणीतून किती पाणी जातं? १८५५-५६ मध्ये दिजाँच्या इस्पितळात माणसापेक्षा उंच लोखंडी नळकांड्यात वाळू भरून त्यांनी मोजमापं घेतली. नियम साधा निघाला. दोन टोकांच्या पाण्याच्या पातळीतला फरक दुप्पट केला, की प्रवाह दुप्पट. वाळूचा थर दुप्पट लांब केला, की प्रवाह निम्मा. १८५६ मध्ये हे पुस्तकाच्या परिशिष्टात छापलं गेलं. ३ जानेवारी १८५८ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं.

आता कर्ली नदीचं खोरं डोळ्यांसमोर आणा. नकाशावर चौकोन आखा. प्रत्येक चौकोनात लिहा : जांभा की वाळू, पाऊस किती मुरला, पंपाने किती उपसलं. एका चौकोनातून शेजारच्यात किती पाणी जाईल, ते डार्सींच्या नियमाने काढा. आलेली पातळी खऱ्या विहिरींशी ताडून बघा. जुळली नाही तर आकडे सुधारा. भूजलाचं मॉडेल म्हणतात ते हेच. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९८४ मध्ये आणलेला मॉडफ्लो हा संगणकीय कार्यक्रम याच रीतीने चालतो. मात्र जांभ्याच्या भेगांतून पाणी वाळूसारखं सरळ वाहत नाही, म्हणून इथे मोजमाप जास्त लागतं.

देवबागसारख्या, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेल्या चिंचोळ्या जागी हा हिशेब जिवाचा ठरतो. विहिरीची पातळी खाडीपेक्षा वर आहे तोवर गोडं पाणी बाहेर वाहतं. उपसा वाढून ती खाली गेली, की उतार उलटा होतो आणि खारं पाणी आत शिरतं. पंप एकाच्या अंगणात असला तरी फटका सगळ्या वाडीला बसतो.

वर्गात करून बघा : सारख्या लांबीचे दोन प्लास्टिक पाइप घ्या. खालच्या तोंडाला फडकं बांधा. एकात २० सेंटिमीटर, दुसऱ्यात ४० सेंटिमीटर धुतलेली वाळू भरा. दोन्ही काठोकाठ भरलेले ठेवून एका मिनिटात खाली पडणारं पाणी मोजा. आकडे मुलांनाच फळ्यावर लिहू द्या, आणि मग त्यांना आपापल्या विहिरीची पातळी दर महिन्याला मोजायला सांगा.