बेटावरचा पक्षीवेडा

निघाला चित्रकार व्हायला आणि झाला पक्षी-अभ्यासक! हाइनरिश गेट्केची गोष्ट ही अशी आहे. प्रशियातल्या प्रिट्सवाल्क गावी १८१४ मध्ये तो जन्मला. समुद्राची चित्रं काढायची म्हणून १८३७ मध्ये उत्तर समुद्रातल्या हेलिगोलंड बेटावर पोहोचला आणि तिथलाच होऊन गेला.

बेट केवढं? जेमतेम एक चौरस किलोमीटर. लाल खडकाचा उंच कडा, वर भणाणता वारा आणि चहूकडे पाणी. तेव्हा तिथे इंग्रजांचं राज्य होतं. गेट्केला गव्हर्नरच्या कचेरीत सेक्रेटरीची नोकरी मिळाली. पोटापाण्याची सोय झाली, पण मन अडकलं ते आभाळात.

वसंतात दक्षिणेकडून उत्तरेला निघालेले थवे या बेटावरून जात. दमलेले पक्षी इथेच टेकत, रात्री दीपगृहाच्या उजेडाकडे झेपावत. बेटावरची माणसं ते पकडून चक्क खायची! गेट्केने त्यांच्याशीच दोस्ती केली. वेगळा पक्षी हाती लागला की लोक तो त्याच्याकडे आणून देऊ लागले. कुठला पक्षी कधी आला, वारा कुठून होता, हवा कशी होती, हे तो टिपत राहिला. एकदोन वर्षं नव्हे, तब्बल पन्नास वर्षं! एवढ्याशा बेटावर सुमारे ४०० जातींची नोंद झाली. १८९१ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्याचं पुस्तक आलं.

त्याचं सगळंच बरोबर होतं का? अजिबात नाही. निळ्या गळ्याचा एक चिमुकला पक्षी मधल्या युरोपात फारसा दिसत नाही, म्हणजे तो आफ्रिकेतून एका रात्रीत थेट येत असणार, असं त्याने मांडलं. पुढच्या अभ्यासकांनी ते खोडून काढलं. अंदाज पडला, पण नोंदी टिकल्या.

१८९७ मध्ये तो गेला. १९१० मध्ये त्याच बेटावर पक्षी-निरीक्षण केंद्र उभं राहिलं. पक्षी पकडण्याच्या तिथल्या जुन्या युक्तीतूनच पायात कडी घालून सोडून देण्यासाठीचा सापळा तयार झाला. जगभर तो हेलिगोलंडच्याच नावाने ओळखला जातो. १९२९ मध्ये आपल्या मुंबईचे सालिम अलीही कडी घालायचं काम शिकायला तिथे गेले होते.

आणि तो निळ्या गळ्याचा पाहुणा? हिवाळ्यात तो आपल्याकडेही येतो. पाणथळ जागी, गवताच्या आडोशाला शोधा. दिसला तर तारीख तेवढी लिहून ठेवा!