थोर गणिती लायब्निझ



मागच्या आठवड्यात माझे आणि माझ्या मित्राचे गणितावरून भांडण झाले. गणित मीच घातले होते. पेढे २४, घरे २, प्रत्येक घरात मुले ३. तर एका मुलाला किती पेढे? मी पाटीवर लिहिले २४ ÷ २ × ३. माझे उत्तर ४ आले. मित्राचे ३६ आले! सगळी मुले हसायला लागली. पेढे चोवीसच, मग एकाला छत्तीस कुठून देणार?

पण गुरुजींनी पाटी बघितली आणि चूक माझी निघाली. मित्राने कंचेभागुबेव नीट लावले होते. आधी भागाकार केला, २४ ÷ २ = १२. मग गुणाकार, १२ × ३ = ३६. माझ्या मनात २ × ३ आधी करायचे होते, पण ते मी पाटीवर दाखवलेच नव्हते. २४ ÷ (२ × ३) असे लिहायला पाहिजे होते. मग गुरुजींनी लायब्निझ यांची माहिती सांगितली. तीच मी इथे लिहीत आहे.

गॉटफ्रीड विल्हेल्म लायब्निझ यांचा जन्म १ जुलै १६४६ रोजी जर्मनीतील लाइपझिग या गावी झाला. त्यांचे वडील प्राध्यापक होते. लायब्निझ सहा वर्षांचे असतानाच वडील वारले. घरात वडिलांची खूप पुस्तके होती. लहानगा लायब्निझ त्यांतच रमून जाई. लॅटिन भाषा तर तो बरीचशी आपली आपणच शिकला. पुढे ते कायदा शिकले. त्यांच्या गावच्या विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली नाही. पण ते खचले नाहीत. दुसऱ्या गावी जाऊन १६६७ साली त्यांनी ती पदवी मिळवली.

१६७२ साली ते पॅरिसला गेले. तिथे हायगेन्स नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञांकडून ते पुढचे गणित शिकले. मोठमोठे हिशेब करण्यात विद्वान माणसांचा वेळ फुकट जातो असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी गणिते करणारे यंत्र बनवायला घेतले. १६७३ साली त्यांनी त्याचा नमुना लंडनला नेऊन दाखवला. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चारही करता यावेत असा त्यांचा बेत होता. त्यांचे एक यंत्र पुढे एका माळ्यावर पडून राहिले. १८७९ साली गळके छप्पर दुरुस्त करायला आलेल्या कामगारांना ते सापडले! मला ही गोष्ट फार आवडली.

१६७६ पासून ते हॅनोव्हर शहरात राजाच्या पदरी होते. ते ग्रंथालय सांभाळत आणि हजाराहून जास्त लोकांशी पत्रव्यवहार करत. फक्त ० आणि १ वापरून सगळ्या संख्या कशा लिहायच्या हे त्यांनी १७०३ साली छापून सांगितले. आजचे संगणक तशाच संख्या वापरतात.

लायब्निझ यांचे मोठे स्वप्न होते. माणसांचे विचार चिन्हांत लिहिता आले, तर भांडणारी माणसे शांतपणे बसून हिशेब करतील आणि खरे काय ते ठरेल, असे त्यांना वाटे. पण त्यासाठी चिन्हे स्वच्छ हवीत. एका लिहिण्याचे दोन अर्थ निघाले तर भांडण मिटेल कसे? ते उलट वाढेलच. आमचे वाढले तसे.

म्हणून ते चिन्हांचा फार विचार करत. गुणाकाराची फुली इंग्रजी एक्स अक्षरासारखी दिसते, घोटाळा होतो. म्हणून १६९८ साली त्यांनी फुलीऐवजी टिंब वापरावे असे पत्रात कळवले. भागाकारासाठी ते एकाखाली एक दोन टिंबे देत. जर्मनीत आजही मुले तसाच भागाकार लिहितात. त्या काळी कोणत्या संख्या एकत्र घ्यायच्या हे दाखवायला त्यांच्यावर आडवी रेघ मारत. छापखान्यात खिळे जुळवताना ती रेघ त्रास देई. लायब्निझ यांनी त्याऐवजी कंस वापरण्याचा आग्रह धरला. कंस त्यांनी शोधला नाही, तो आधीपासून होता. पण त्यांच्यासारख्या मोठ्या माणसाने वापरल्यामुळे तो पसरायला मदत झाली.

एक वाईट गोष्ट म्हणजे भांडण मिटवू बघणारे लायब्निझ स्वतःच मोठ्या भांडणात सापडले. कॅल्क्युलस नावाचे अवघड गणित आधी कोणी शोधले, न्यूटन यांनी की लायब्निझ यांनी, यावरून वाद पेटला. ते भांडण काही हिशेबाने मिटले नाही. आता विद्वान मानतात की दोघांनी ते वेगवेगळे शोधले. पण मोठ्या वर्गात ते शिकताना लायब्निझ यांचीच चिन्हे जास्त वापरतात.

१४ नोव्हेंबर १७१६ रोजी हॅनोव्हर येथे त्यांचे निधन झाले. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्यांच्या कबरीवर नावसुद्धा नव्हते. पण त्यांचे काम राहिले.

लायब्निझ यांच्यापासून मी एक गोष्ट शिकलो. आपल्या मनात काय आहे ते वाचणाऱ्याला दिसत नाही. त्याला फक्त लिहिलेले दिसते. म्हणून नीट लिहावे आणि जिथे शंका येईल तिथे कंस घालावा. कंसाला पैसे पडत नाहीत! मी मित्राची माफी मागितली. आता आमची गट्टी आहे.

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी