घुमटाचे माप घेणारा गणिती : जमशीद अल-काशी

हिजरी सन 832 मधील रमजानचा एकोणिसावा दिवस, बुधवार. इंग्रजी तारीख 22 जून 1429. समरकंद शहराबाहेरच्या वेधशाळेत त्या सकाळी गियासुद्दीन जमशीद अल-काशी यांचे निधन झाले. ग्रहताऱ्यांचे गणित मांडण्यासाठी त्यांना तिथे बोलावले होते आणि ते काम अजून अर्धवट होते. मात्र दोनच वर्षांपूर्वी त्यांनी एक ग्रंथ पूर्ण केला होता. मशिदीची कमान, घुमट आणि छताची नक्षी मोजायची कशी, याचे गणित त्यात होते.

त्यांच्या नावातले ‘काशी’ म्हणजे आपली वाराणसी नव्हे. इराणमधील काशान या गावचे ते काशी. काशान चकाकत्या रंगीत फरशांसाठी इतके प्रसिद्ध होते, की फारसीत अशा फरशीलाच ‘काशी’ म्हणू लागले. जमशीद यांचे तरुणपण याच गावात गरिबीत गेले. तैमूरच्या स्वाऱ्यांनी इराण होरपळून निघाला होता. पोटासाठी ते वैद्यकी करत, पण ओढा गणिताकडे आणि आकाशाकडे होता. 2 जून 1406 रोजी त्यांनी काशानमधून चंद्रग्रहणाचा वेध घेतला. पुढे नसिरुद्दीन तुसी यांची जुनी खगोलीय कोष्टके सुधारून त्यांनी ‘खाकानी झीज’ तयार केली. सूर्य-चंद्राची स्थाने आणि वेगवेगळ्या कालगणनांचे हिशेब अशा कोष्टकांत असत.

तैमूरचा नातू उलुगबेग समरकंदचा कारभार पाहत होता. तो स्वतः गणिती होता. त्याने मोठा मदरसा बांधला, विद्वान जमवले आणि 1420 च्या सुमारास अल-काशींनाही बोलावून घेतले. तिथून त्यांनी काशानला वडिलांना लिहिलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत. त्यांत दरबारची मौज नाही. कोणता प्रश्न कोणाला सुटला आणि कोणाला सुटला नाही, याच्या हकिकती आहेत. घोड्यावर बसल्या बसल्या तोंडी हिशेब करणाऱ्या आणि शास्त्राच्या चर्चेत आपली चूक दाखवू देणाऱ्या उलुगबेगाचे कौतुकही आहे. अल-काशींना दरबारी रीतभात फारशी जमत नसे. उलुगबेगाने ते मनावर घेतले नाही.

1424 मध्ये अल-काशींनी वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, म्हणजे आपण शाळेत शिकतो तो ‘पाय’, दशांश चिन्हानंतरच्या 16 स्थळांइतका अचूक काढला. त्यासाठी त्यांनी 80,53,06,368 बाजूंच्या बहुभुजाकृतीचा हिशेब केला. पृथ्वीच्या व्यासाच्या सहा लाख पट मोठे वर्तुळ घेतले, तरी परिघातली चूक एका केसाच्या जाडीहून कमी राहावी, ही त्यांची अट होती. ही अचूकता पुढची सुमारे 170 वर्षे कोणी ओलांडली नाही.

असा माणूस पुढे गवंड्यांच्या कामाकडे वळला. 2 मार्च 1427 रोजी त्यांनी ‘मिफ्ताह अल-हिसाब’, म्हणजे ‘हिशेबाची किल्ली’, हा ग्रंथ पूर्ण करून उलुगबेगाला अर्पण केला. त्याच्या पाच भागांपैकी चौथा भाग मोजमापाचा आहे आणि त्यातले एक पूर्ण प्रकरण इमारतींचे. आधीच्या जाणकारांनी कमानी-घुमटांबद्दल थोडेसे सांगून विषय सोडून दिला होता. इमारती मोजताना याच गोष्टींची गरज जास्त पडते, म्हणून हे प्रकरण आवश्यक आहे, अशी अल-काशींची भूमिका होती.

चौकोनी खोलीचे माप कोणीही घेतो. कमान मात्र कुठे गोल, कुठे टोकदार. ती आखण्याच्या पाच रीती अल-काशींनी सांगितल्या. घुमटासाठी त्यांनी कमानीचीच रेषा मधल्या उभ्या अक्षाभोवती फिरवली. मग त्या फुगीर आकाराचे आडवे थर कल्पिले. प्रत्येक थर साधारण बादलीसारखा, एका तोंडाशी रुंद, दुसऱ्या तोंडाशी अरुंद. बादलीच्या आकाराचे पृष्ठफळ आणि घनफळ काढता येते. सगळ्या थरांची बेरीज केली, की घुमट हाती येतो. बाहेरच्या आकारातून आतली पोकळी वजा केली, की बांधकाम किती, हेही कळते.

सर्वांत अवघड होते ‘मुकर्नस’. कमानीच्या किंवा घुमटाच्या आत, एकावर एक पायऱ्यांसारखे उतरत आलेले छोटे कोनाडे, मधमाशांच्या पोळ्यासारखे. खाली उभे राहून पाहणारा मोजणे सोडाच, नीट पाहूही शकत नाही. अल-काशींनी दाखवले, की या गुंतागुंतीत तुकड्यांचे प्रकार मोजकेच असतात. वरून पाहिले तर चौकोन, समभुज चौकोन, बदामाच्या आकाराचे तुकडे असे काहीच. सगळे एकाच मूळ मापाने बांधलेले. ते माप एकदा घ्यायचे, प्रत्येक प्रकारचे तुकडे मोजायचे आणि ठरलेल्या गुणकाने गुणायचे. वाकलेल्या तुकड्यांचे गुणकही त्यांनी काढून दिले. चौथ्या मजल्याइतक्या उंचीवर चढून प्रत्येक कोनाड्याला दोरी लावण्याची गरज उरली नाही.

याचा उपयोग काय? चुना किती लागेल, रंग किती लागेल आणि कारागिराला किती मजुरी द्यायची, हे अशा मापावरून ठरवता येते, असे अभ्यासक मानतात. नक्षी मोजता येत नसेल, तर हिशेब अंदाजाने होतो, आणि अंदाजात बांधणाऱ्याचे तरी नुकसान, नाही तर बांधवून घेणाऱ्याचे. मापात कमी देणाऱ्यांना ताकीद देणारी एक स्वतंत्र सूरह कुरआनमध्ये आहे. रोजा उपाशी राहण्यापुरता नाही, व्यवहारातही सचोटी हवी, हे रमजानमध्ये मशिदीमशिदीतून सांगितले जाते. अल-काशींनी मशिदीच्या छताचाच हिशेब चोख करण्याची सोय करून दिली.

किचकट आकाराचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येकाचे साधे गणित करायचे आणि ते जोडून पुन्हा पूर्ण आकार उभा करायचा, याच वाटेने आज संगणकही त्रिमितीय आकार हाताळतो. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गणिताच्या इतिहासकार इव्होन डोल्ड-सॅम्प्लोनियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात अल-काशींच्या रीतीवरून घुमट आणि मुकर्नस संगणकावर उभे केले. सुमारे पावणेसहाशे वर्षांपूर्वीच्या सूचना त्यांना पुरल्या.

अल-काशींच्या मागे वेधशाळेचे काम काझीजादा रुमी आणि मग अली कुशजी यांनी पुढे नेले. 1437 मध्ये उलुगबेगाची कोष्टके तयार झाली. जयपूरच्या सवाई जयसिंगांनीही पुढे ती अभ्यासली. 1449 मध्ये उलुगबेगाची हत्या झाली आणि वेधशाळा हळूहळू मातीखाली गेली. 1908 मध्ये उत्खननात तिचा जमिनीत कोरलेला प्रचंड कंस सापडला.

अल-काशींची निधनाची तारीख मात्र दगडावर कोरलेली नाही. त्यांच्याच ‘खाकानी झीज’च्या एका हस्तलिखितावर कोणीतरी ती टिपून ठेवली : वार बुधवार, वेळ सकाळची, महिना रमजानचा. आयुष्यभर अचूक नोंदींचा आग्रह धरणाऱ्या माणसाची शेवटची नोंदही तितकीच नेमकी राहिली.