ताइइची ओनो

नवें यंत्र शोधून काढणाऱ्यांचीं नांवें आपण आदरानें घेतों. परंतु काम कसें करावें हें शिकविणाऱ्यांची आठवण क्वचितच होते. अशा एका पुरुषाचा परिचय आम्ही आमच्या वाचकांस करून देत आहों.

ताइइची ओनो यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९१२ रोजीं चीनमधील दालियान शहरीं झाला. नागोया येथें यंत्रशास्त्राचें शिक्षण घेऊन ते १९३२ सालीं तोयोदा घराण्याच्या कापडगिरणींत नोकरीस लागले व १९४३ सालीं त्याच घराण्याच्या टोयोटा मोटार कारखान्यांत आले.

युद्धानंतर जपानांत पैशाची मोठी चणचण होती. मोटारींस गिऱ्हाईक मिळेना, आणि १९५० सालीं कंपनी बुडण्याच्या बेतास आली. संप झाला, हजारावर कामगार घरीं बसले, व संस्थापक किइचिरो तोयोदा यांनीं अध्यक्षपद सोडलें. न खपणारा माल ही संपत्ति नसून ओझें होय, हें सर्वांस दिसून आलें.

हवा तो भाग, हवा तेव्हां, हवा तितकाच, ही कल्पना मूळ किइचिरो यांची. ती व्यवहारांत उतरविली ओनो यांनीं. पूर्वीं मागचा विभाग भाग तयार करून पुढच्याकडे ढकलीत असे. आतां पुढचा विभाग मागच्याकडे जाऊन लागतील तेवढेच भाग आणूं लागला. भागांच्या प्रत्येक पेटीस एक चिठ्ठी असे. तिला 'कानबान' म्हणतात. पेटी वापरावयास घेतली कीं चिठ्ठी मागें जाई, आणि चिठ्ठी आल्यावांचून मागच्यानें एकही भाग करावयाचा नाहीं. अर्थात् चिठ्ठ्या कमी केल्या कीं साठाही कमी होई. आमच्या घरोघरीं आई पानांतली भाकरी संपत आली म्हणजे दुसरी तव्यावर टाकते, तशीच ही रीत.

साठा घटतांच झांकलेले दोष उघडे पडत. एक यंत्र बिघडलें कीं पुढचें काम अडे, व बिघाडाचें मूळ शोधणें भाग पडे. यंत्रें स्वस्थ उभीं राहिलेलीं पाहणें अनेक मुकादमांस रुचलें नाहीं. तरी ओनो ढळले नाहींत. सर्व कारखान्यांत ही रीत रुळण्यास १९६२ साल उजाडलें. १९७३ सालच्या तेलटंचाईनंतर इतर कारखानेही तिच्याकडे वळले. १९७८ सालीं त्यांनीं तिजवर ग्रंथ लिहिला, आणि २८ मे १९९० रोजीं ते निवर्तले.

विद्यार्थ्यांनीं ह्या चरित्रापासून एवढेंच घ्यावें कीं, नुसती धांदल म्हणजे उद्योग नव्हे; ज्याची गरज आहे तें, गरजेच्या वेळीं, निर्दोष करणें हाच खरा उद्योग होय.