विश्लेषण : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या आलेखात ती एक काळी रेघ कशासाठी?

परिचारिका म्हणून जगाला ठाऊक असलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये आकड्यांचे एक चित्र छापले. त्यातील प्रत्येक पाकळी आणि प्रत्येक रेघ हिशेबाने ठेवलेली होती. आज आलेख संगणक काढतो, तरी त्यांच्यापुढचे प्रश्न आपल्यालाही चुकलेले नाहीत.

रिसोडच्या एखाद्या विद्यार्थ्याने तालुक्यातील वर्षभराच्या पावसाचे आकडे घेतले आणि मोबाइलवरच गुगल कोलॅब उघडून 'आर' या संगणकभाषेत त्यांचा गोल आलेख काढला, असे समजू. बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. जून ते सप्टेंबरच्या पाकळ्या मोठ्या, उन्हाळ्यातल्या नावापुरत्या. तयार आज्ञा दिली की चित्र क्षणात समोर येते. पण जुलैचा पाऊस जूनच्या दुप्पट असेल, तर जुलैची पाकळी दुप्पट दिसते का? नाही, ती चौपट दिसते. हे दुरुस्त करायचे तर तयार आज्ञेच्या खाली उतरून रेघा, कोन आणि रंग स्वतः हाताळावे लागतात. सुमारे १६५ वर्षांपूर्वी नाइटिंगेल यांनी हेच केले होते. त्यांच्या पाकळ्या मृत सैनिकांच्या होत्या.

आकड्यांची आवड कुठून आली?

नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला आणि शहराचेच नाव त्यांना मिळाले. इंग्रज घराणे सधन होते. केंब्रिजमध्ये शिकलेल्या वडिलांनी मुलींना घरीच भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्स यांना ओढ होती ती गणिताची आणि कोष्टकांची. अशा घरातील मुलीने चांगले स्थळ पाहून लग्न करावे, ही त्या काळची रीत. त्यांनी लग्नाला नकार दिला आणि रुग्णसेवा करायचे ठरवले. तेव्हा हे काम कमी प्रतीचे मानले जाई, त्यामुळे घरातून कडवा विरोध झाला. तरीही १८५१ मध्ये त्यांनी जर्मनीतील कैसरस्वर्थ येथे प्रशिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनमधील एका छोट्या रुग्णालयाच्या अधीक्षक झाल्या.

स्कुटारीत काय पाहिले?

क्रिमियाच्या युद्धात ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान रशियाविरुद्ध लढत होते. जखमी सैनिकांच्या हालअपेष्टांच्या बातम्या लंडनच्या वृत्तपत्रांत येऊ लागल्या, तसा लोकांचा संताप वाढला. युद्ध खात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून नाइटिंगेल ३८ परिचारिकांना घेऊन निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी इस्तंबूलजवळच्या स्कुटारीत पोहोचल्या. तेथील बराकीत थाटलेले रुग्णालय तुंबलेल्या गटारांवर उभे होते. खाटा, कपडे, साबण, धड अन्न, सगळ्याचीच वानवा होती.

हिवाळ्यात मृत्यूंनी कळस गाठला. जानेवारी १८५५ मध्ये जखमांनी ८३ सैनिक दगावले, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी २,७६१. इतर कारणांनी ३२४ मृत्यू झाले. त्या महिन्यात सैन्याची सरासरी संख्या ३२,३९३ होती. मृत्यूचा हाच वेग वर्षभर टिकला असता, तर एवढ्या संख्येचे अख्खे सैन्य वर्षात संपले असते. मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेला स्वच्छता आयोग आला. गटारे उपसली गेली, मेलेली जनावरे हलवली, खोल्यांत हवा खेळू लागली, भिंतींना चुना लागला. मृत्यू झपाट्याने उतरले.

युद्धानंतर आलेखाची गरज का पडली?

१८५६ मध्ये नाइटिंगेल परतल्या तेव्हा त्या देशाच्या लाडक्या झाल्या होत्या. दिवा घेऊन रात्री फिरणारी बाई ही प्रतिमा घरोघरी पोहोचली होती. त्या मात्र सत्कार टाळून आकडे जमवत बसल्या. त्यांच्या सोबतीला होते विल्यम फार. जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातील ते संख्याशास्त्रज्ञ. युद्धकाळात नाइटिंगेल यांचा भर अन्न, कपडे आणि पुरवठ्यावर होता. फार यांच्याबरोबर आकडे तपासल्यावर गटारे आणि कोंदट हवा यांचे खरे वजन त्यांना उमगले, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे हे आकडे त्यांच्या स्वतःच्या रुग्णालयाविषयीही बोलत होते.

सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारा शाही आयोग १८५७ मध्ये नेमला गेला. आता मंत्री आणि खासदारांना पटवायचे होते. पानभर कोष्टके कोण वाचणार? नजर टाकताच कळेल असे चित्र हवे होते.

चित्र नेमके कसे होते?

वर्तुळाचे बारा सारखे भाग, प्रत्येक महिन्याला ३० अंश. उजवीकडचे मोठे चक्र एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ चे, डावीकडचे लहान चक्र पुढच्या वर्षाचे. प्रत्येक महिन्यात केंद्रापासून निघणाऱ्या तीन वर्तुळपाकळ्या : निळी टाळता येण्याजोग्या रोगांची, तांबडी जखमांची, काळी इतर कारणांची. युद्धात माणसे तलवारीने आणि गोळीने मरतात, हा सर्वांचा समज. चित्रात मात्र निळा रंग बाकीच्यांना गिळून बसलेला. पुढच्या वर्षी तोच निळा आकसत गेलेला दिसतो. माणसे कशाने मेली आणि ते थांबवता आले असते का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच पानावर मिळत होती.

त्रिज्या की क्षेत्रफळ?

आधीच्या एका आकृतीत नाइटिंगेल यांनी आकडा केंद्रापासूनच्या अंतरावर मोजला होता. अडचण अशी की डोळा लांबीबरोबर रंगलेली जागाही पाहतो आणि जागा वाढते ती वर्गाच्या प्रमाणात. जानेवारी १८५५ चेच उदाहरण घेऊ. रोगांचे मृत्यू जखमांच्या सुमारे ३३ पट होते. त्रिज्या ३३ पट केली, तर निळ्या पाकळीचे क्षेत्रफळ तांबडीच्या सुमारे ११०० पट होते. आकडा खरा, चित्र खोटे.

पुढच्या, आज प्रसिद्ध असलेल्या आकृतीत आकडा क्षेत्रफळावर आणला गेला. त्यासाठी त्रिज्या आकड्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यावी लागते. मग निळी पाकळी तांबडीपेक्षा लांबीला जेमतेम पावणेसहा पट राहते आणि जागा बरोबर ३३ पट व्यापते. नाइटिंगेल यांची बाजू इतकी भक्कम होती की फुगवट्याची गरजच नव्हती. विरोधकाला एक चूक सापडली असती, तर त्याने तिच्या आडून सगळे आकडे नाकारले असते.

मग ती काळी रेघ?

तिन्ही पाकळ्या केंद्रापासून मोजलेल्या असल्याने त्या एकमेकींवर पडतात. नोव्हेंबर १८५४ मध्ये जखमांचे मृत्यू २८७ आणि इतर कारणांचे १०६ होते. काळी पाकळी तांबडीच्या आत जात होती आणि रंग भरल्यावर दिसेनाशी होणार होती. म्हणून तेवढ्या एका महिन्यात तांबड्या पाकळीवर आडवी काळी रेघ ओढून काळीची हद्द दाखवली गेली. काही महिन्यांत दोन रंगांच्या कडा एकमेकींवर येत होत्या. ते महिने कोणते, हेही आकृतीखालच्या टिपेत लिहिले. क्षेत्रफळ केंद्रापासून मोजायचे, हा नियमही तिथेच दिला.

साध्या नियमाने काढलेले चित्र एका ठिकाणी अपुरे पडले, तेव्हा त्या जागेपुरती एक वस्तू वाढवली आणि वाचकाला तसे सांगितले. इतकीच ती गोष्ट.

आज संगणकात हे कसे होते?

आर भाषेतील 'जीजीप्लॉट' आपण लिहिलेल्या दोन-चार ओळींतून पूर्ण आलेख उभा करते. आतून मात्र तो आलेख रेघा, आयत, बहुभुज, वर्तुळे आणि अक्षरे अशा सुट्या वस्तूंचाच असतो. या वस्तूंना 'ग्रॉब' म्हणतात आणि त्या हाताळणाऱ्या संचाचे नाव 'ग्रिड'. तो न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाचे पॉल मरेल यांनी घडवला. आलेखाचे रूपांतर ग्रॉबमध्ये केले की त्यातील वस्तूंची यादी मिळते. नावाने एखादी वस्तू शोधून तिचा रंग, जाडी, जागा बदलता येते किंवा नवी वस्तू जोडता येते. पायथॉनमधील मॅटप्लॉटलिबमध्येही हीच रचना आहे. तिथे अशा प्रत्येक वस्तूला 'आर्टिस्ट' म्हणतात.

नाइटिंगेल यांचे आकडे आरच्या 'हिस्टडेटा' या संचात तयार मिळतात. त्यांवर तयार आज्ञा चालवली तर दोन चुका होतात. एक, त्रिज्या थेट आकड्याइतकी घेतली जाते, वर्गमूळ आपल्याला सांगावे लागते. दोन, तीन रंग एकावर एक रचले जातात. म्हणजे काळी पाकळी तांबडीच्या बाहेरच्या कडेपासून सुरू होते. मूळ चित्रात प्रत्येक पाकळी केंद्रापासून आहे, म्हणून रचणे बंद करून मोठी पाकळी आधी आणि लहान नंतर काढावी लागते. ग्रिडमध्ये नंतर काढलेली वस्तू आधीच्या वस्तूवर बसते. एवढे जमले की नोव्हेंबरची रेघ हा शेवटचा, सुटा ग्रॉब.

खाली उतरण्यात धोका कोणता?

तयार आलेखात वस्तू आणि आकडा यांची गाठ संगणक बांधतो. हाताने जोडलेल्या वस्तूची गाठ आपण बांधायची असते. ग्रिडमध्ये जागा सांगण्याची अनेक मापे आहेत : मिलिमीटर, चौकटीचा अंश किंवा अक्षावरचा आकडा. रेघ मिलिमीटरने ठेवली, तर लॅपटॉपवर बरोबर दिसणारी रेघ मोबाइलच्या अरुंद पडद्यावर भलत्याच जागी जाते. अक्षाच्या आकड्याने ठेवली, तर चित्र लहानमोठे झाले तरी ती जागा सोडत नाही. दुसरे असे, की मूळ आकडे पुढे बदलले आणि रेघ हातानेच ठेवलेली असेल, तर ती जुन्याच जागी राहते आणि संगणक काहीही इशारा देत नाही.

गोल आलेखाची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. क्षेत्रफळांची तुलना डोळ्याला लांबीच्या तुलनेइतकी नेमकी जमत नाही. पुष्कळ ठिकाणी साधा स्तंभालेखच बरा. नाइटिंगेल यांनीही सैनिक आणि सामान्य नागरिक यांच्या मृत्यूंची तुलना करताना सरळ आडव्या पट्ट्याच वापरल्या होत्या.

पुढे काय झाले, आणि भारताशी नाते?

१८५८ मध्येच लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने नाइटिंगेल यांना सदस्य केले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. युद्धात जडलेल्या दुखण्याने त्या बराच काळ अंथरुणाला खिळून होत्या. भारताचे काम त्यांनी तिथूनच केले.

त्या भारतात कधीच आल्या नाहीत. मात्र १८५९ मध्ये भारतातील सैन्याच्या आरोग्यासाठी आयोग नेमला गेला, तेव्हा इथल्या लष्करी ठाण्यांना छापील प्रश्नावल्या पाठवून उत्तरे मागवली गेली आणि त्यांचा अर्थ त्यांनी लावला. अहवाल १८६३ मध्ये आला. त्यानंतर मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांत स्वच्छता आयोग नेमले गेले. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्याशी त्यांचा स्नेह होता. भारतातील ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर हजारी ६९ वरून १८ वर आल्याचे त्यांनी १८७३ मध्ये मांडले.

पुढे त्यांचे लक्ष बराकीतून गावाकडे वळले. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर त्यांनी रयतेचे कर्ज, सावकारी आणि सिंचन यांवर लिहिले. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ च्या चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या आलेखासाठी यातून काय घ्यावे?

रिसोडच्या त्या विद्यार्थ्याने आलेख पुढे पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पाकळीची जागा आकड्याच्या प्रमाणात आहे का? एखादी वस्तू दुसरीखाली झाकली गेली आहे का? आणि हाताने वाढवलेली रेघ किंवा अक्षरे आकड्याला बांधलेली आहेत का? मग मोजण्याचा नियम आलेखाखाली एका ओळीत लिहावा. पावसाच्या अशा चित्रावरून कोणी पेरणीचा, कोणी विम्याचा विचार करणार असतो. फुगलेली जुलैची पाकळी पाहून तो विचार चुकू नये, एवढी जबाबदारी चित्र काढणाऱ्याची.