शिक्षकांचा आधार : ताराबाई मोडक

शाळेची इमारत दगडविटांनीं उभी राहते. शाळा मात्र शिक्षकाच्या धीरावर उभी राहते. नवा शिक्षक डोंगरांतील पाड्यावर येतो. मुलांची बोली त्यास कळत नाहीं, त्याची पुस्तकी भाषा मुलांस कळत नाहीं, आणि थोड्याच महिन्यांत त्याचें मन खचतें. अशा वेळीं त्याच्या पाठीशीं कोणी वडीलधारें माणूस उभें असेल तर शाळा तरते. नसेल तर पटावरील नांवें तेवढीं उरतात. कळसाडीच्या परिसरांत राहणाऱ्या आपणां सर्वांस हें निराळें सांगावयास नको. म्हणूनच या महोत्सवाच्या अंकांत कै. ताराबाई मोडक यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजीं मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते असल्यामुळें मुलींच्या शिक्षणास घरांत आडकाठी नव्हती. १९१४ सालीं त्या बी. ए. झाल्या. पुढें अमरावतीचे वकील मोडक यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाहीं. लहानग्या मुलीस घेऊन त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या व राजकोट येथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्याच भारतीय स्त्री होत.

मानाची ती जागा सोडून १९२३ सालीं त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ति बालमंदिरांत दाखल झाल्या. रोम शहरांतील एका गरीब वस्तींत १९०७ सालीं डॉ. मारिया माँटेसरी यांनीं पहिलें बालगृह उघडलें होतें. त्यांच्या पद्धतीस आपल्या देशाचें रूप देण्याचें काम या दोघांनीं केलें. ही नवी पद्धति शिकविणारे शिक्षक कोठेंच तयार मिळत नव्हते. ते घडवावे लागत. याकरितां भावनगरांत अध्यापन मंदिर चाललें, १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि दूरच्या गांवीं एकट्या पडलेल्या शिक्षकास मार्गदर्शन मिळावें म्हणून 'शिक्षणपत्रिका' निघूं लागली. तिच्या मराठी आवृत्तीचा भार ताराबाईंनीं वाहिला. १९३६ सालीं त्यांनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार सुरू केला.

येथेंच त्या विसावल्या असत्या तरी त्यांचें नांव राहिलें असतें. परंतु बालशिक्षण हें शहरांतील सुखवस्तु घरांपुरतेंच राहावें काय, हा प्रश्न शिल्लक होता. १९४५ सालीं, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या गांवीं ग्राम बालशिक्षा केंद्र उघडलें. त्याच वर्षीं पुण्याच्या हुजूरपागेंतील शिक्षिका अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालपणींच वैधव्य आलेल्या अनुताई तेव्हां पस्तीस वर्षांच्या होत्या. शिकविण्याचा अनुभव होता, परंतु खेड्यांतील बालवाडीचें काम त्यांस सर्वस्वीं नवें होतें. ताराबाईंनीं त्यांस जवळ बसवून, सोबत काम करून, तयार केलें.

बोर्डींत पहिली अडचण ही कीं गरिबांचीं व दलित वस्तींतील मुलें शाळेंत येईनात. मुलें शाळेकडे येत नसतील तर शाळेनेंच मुलांकडे जावें, असा निर्णय ताराबाईंनीं घेतला. वस्तींतील एखाद्या अंगणांत मुलें जमवावयाचीं, त्यांस स्वच्छ करावयाचें, गाणीं व गोष्टी सांगावयाच्या, हीच अंगणवाडी. महाग साहित्याऐवजीं शिंपले, बिया, खडे, पानें यांवर काम चाले. जें परिसरांत फुकट मिळतें त्यानें शिकवितां येतें, हें कळल्यावर नव्या शिक्षिकेची निम्मी भीति जाई.

१९५७ सालीं हें केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली समाजाच्या पाड्यांजवळ गेलें. तेथें मुलें गुरें राखीत. म्हणून शाळा कुरणांत भरूं लागली व तिला कुरणशाळा म्हणूं लागले. मुली धाकट्या भावंडांस सांभाळीत. म्हणून विकासवाडींत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली. अशा रीतीनें मुलाबरोबर आईबापही शाळेशीं बांधले गेले. आईबापांवर आळसाचा ठपका ठेवण्याऐवजीं त्यांची अडचण दूर करावी, हा धडा तेथील प्रत्येक नव्या शिक्षकानें कामांतूनच घेतला.

१९६२ सालीं त्यांस पद्मभूषण किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्या निवर्तल्या. पुष्कळ संस्था संस्थापकाबरोबरच मावळतात. कोसबाडचें तसें झालें नाहीं. अनुताईंनीं १९९२ सालीं देह ठेवीपर्यंत तें कार्य चालविलें व वाढविलें. १९७५ सालीं सरकारनें बालविकासाची योजना सुरू केली, आणि अंगणवाडी हा शब्द गांवोगांवीं पोहोंचला.

वाचकहो, आपल्या पाड्यांवरही नवे शिक्षक व शिक्षिका येतात. दूर घर सोडून आलेल्या त्या तरुणांस राहावयास जागा, दोन आपुलकीचे शब्द आणि आपल्या बोलींतील चार वाक्यें देणें आपल्या हातीं आहे. मुख्याध्यापकानें त्यांच्या चुका पदरांत घेऊन शिकवावें, आईबापांनीं अंगण मोकळें करावें. ताराबाईंनीं जें एका टेकडीवर करून दाखविलें, तें सातपुड्याच्या पायथ्याशीं अशक्य कां असावें?